गणवेशाआडचा विश्वासघात

बोनकोड्यातील आमच्या सोसायटीत पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम वर्षानुवर्षे ठरलेला आहे. सकाळी ध्वजवंदन, मग मुलांची वेशभूषा स्पर्धा, आणि रात्री वाहनतळाच्या मोकळ्या जागेत पांढरा पडदा बांधून एक चित्रपट. एका वर्षी सूचनाफलकावर खडूने लिहिले होते : 'देशभक्तीपर व कौटुंबिक हिंदी चित्रपट - रुस्तम. सर्वांनी सहकुटुंब यावे.' सर्वजण सहकुटुंब आले. वाशीच्या बाजारात काम करणारी माथाडी मंडळी आली, बँकेतले आणि शाळेतले आले, गावठाणातून चार-पाच आगरी कुटुंबे खुर्च्या घेऊन आली. नौदलाच्या शुभ्र गणवेशातील नायक पडद्यावर उभा राहिला आणि मुलांनी टाळ्या पिटल्या. पुढे त्याने पत्नीच्या प्रियकराच्या छातीत गोळ्या झाडल्या, तेव्हाही टाळ्या झाल्या. ज्यूरीने 'निर्दोष' असा निवाडा दिला, त्या वेळी तर शिट्ट्याही वाजल्या. माझ्या मागे बसलेला महाविद्यालयीन तरुण शेजारच्या मित्राला म्हणाला, "बरोबरच केलं त्यानं. मी असतो तरी हेच केलं असतं."

माझ्या शेजारी नौदलातून निवृत्त झालेले एक पेटी ऑफिसर बसले होते. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांनी एकदाही टाळी वाजवली नाही. खुर्च्या आवरताना ते मला एवढेच म्हणाले, "साहेब, जहाजाच्या शस्त्रागारातून रिव्हॉल्व्हर काढायचं तर कारण सांगावं लागतं. खोटं कारण सांगून शस्त्र काढणाऱ्याला आमच्याकडे काय म्हणतात, हे तुम्ही एकदा लिहा."

काकांचे हे वाक्य बरेच दिवस डोक्यात घोळत राहिले. म्हणूनच हा लेख.

'रुस्तम' हा चित्रपट १२ ऑगस्ट २०१६ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त साधून प्रदर्शित झाला. दिग्दर्शक टिनू सुरेश देसाई, नायक अक्षय कुमार. पुढच्या वर्षी या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. प्रेम, फसवणूक, खून, न्यायालय आणि शेवटी उलगडणारे रहस्य असा सगळा मसाला त्यात आहे. चित्रपट कंटाळवाणा नाही, हे मान्य करायला हरकत नाही. तो कंटाळवाणा असता तर एवढे लिहिण्याची गरजही नव्हती. त्याची कथा ज्या सत्य घटनेवर उभी आहे ती घटना आपल्या मुंबईत घडली, मुंबईच्या न्यायालयांत तिचा निवाडा झाला, आणि तिचा निकाल चित्रपटात दाखवला आहे त्याच्या नेमका उलटा लागला. या एका गोष्टीची जाणीव त्या रात्री पडद्यासमोर बसलेल्या दीड-दोनशे जणांपैकी किती जणांना होती?

घटना २७ एप्रिल १९५९ची. कमांडर कावस माणेकशा नानावटी हे 'आयएनएस मैसूर' या युद्धनौकेचे दुय्यम प्रमुख अधिकारी. पत्नी सिल्व्हिया इंग्रज, तीन मुले. पती समुद्रावर असताना तिचे मोटारींचा व्यवसाय करणारे प्रेम भगवानदास आहुजा यांच्याशी संबंध जुळले. आहुजा हे कौटुंबिक परिचयातलेच. त्या दिवशी पतीने खोदून विचारल्यावर तिने ते कबूल केले. ज्याच्यावर हे कोसळते त्याची अवस्था काय होत असेल, हे सांगायला कोणा मानसशास्त्रज्ञाची आवश्यकता नाही. नानावटींच्या दुःखाविषयी माझ्या मनात शंका नाही. कोणत्याही सभ्य माणसाच्या मनात ती असू नये.

मात्र पुढचा घटनाक्रम सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदवलेला आहे आणि तो सावकाश वाचण्यासारखा आहे. दुपारी दीडच्या सुमारास नानावटी पत्नीला, दोन मुलांना आणि शेजारच्या एका मुलाला मोटारीत घालून मेट्रो सिनेमागृहापाशी गेले. मुलांचा चित्रपट होता. त्यांना तिथे सोडले आणि 'सहा वाजता न्यायला येतो' असे सांगितले. तिथून ते थेट जहाजावर गेले. 'आपण रात्री एकटेच मोटारीने अहमदनगरला जाणार आहोत, सोबत शस्त्र हवे' असे सांगून त्यांनी जहाजाच्या भांडारातून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली. मग आहुजांच्या कचेरीत चौकशी केली. ते तिथे नव्हते, म्हणून मलबार हिलवरच्या त्यांच्या घरी गेले, शयनगृहात शिरले आणि दार लावले. काही क्षणांत गोळ्यांचे आवाज आले. तेव्हा चार वाजून वीस मिनिटे झाली होती. त्यानंतर त्यांनी पोलिसांच्या स्वाधीन होऊन घडलेली घटना सांगितली.

वाचकहो, त्या दुपारी त्या घरातली मुले चित्रपटच पाहत बसली होती. या कथेवर आजवर निघालेल्या सगळ्या चित्रपटांपेक्षा हा एक प्रसंग मला अधिक भयंकर वाटतो. आत पडद्यावर परीकथा चालू आहे, आणि बाहेर ज्या बापाने सहा वाजता यायचे कबूल केले आहे तो रिव्हॉल्व्हर घेऊन मलबार हिल चढतो आहे. एखाद्या प्रतिभावंत दिग्दर्शकाने हीच दुपार मुलांच्या नजरेतून दाखवली असती, तर मी त्याला साष्टांग दंडवत घातला असता. पण मुलांच्या नजरेतून पाहिले की नायकाला टाळ्या मिळत नाहीत, हे आपल्या चित्रपटसृष्टीला पक्के ठाऊक आहे.

आता काकांच्या वाक्याकडे येऊ. नगरला जाण्याचे कारण खोटे होते. खटल्यात नानावटींचे स्वतःचे म्हणणे असे होते की, मुळात आपल्याला आत्महत्या करायची होती आणि त्यासाठी शस्त्र घेतले. ते म्हणणे शब्दशः खरे मानले, तरी जहाजावर सांगितलेले कारण खोटेच ठरते. नौदलाचे शस्त्र हे राष्ट्राने अधिकाऱ्याच्या हाती विश्वासाने दिलेले असते. पगार, पद आणि पदके यांपेक्षाही तो विश्वास मोठा आहे. सामान्य नागरिकाला शस्त्राचा परवाना मिळवताना नाकी नऊ येतात. अधिकाऱ्याला मात्र ते त्याच्या शब्दावर मिळते, कारण त्याचा शब्द खरा असतो असे गृहीत धरलेले असते. या कथेत पत्नीने पतीचा विश्वासघात केला, मित्राने मित्राचा केला, हे तर सारेच चित्रपट घसा फोडून सांगतात. अधिकाऱ्याने आपल्या जहाजाचा जो विश्वासघात केला, त्याविषयी मात्र एकही पात्र अवाक्षर काढत नाही. ज्यांनी गणवेश अंगावर वागवला आहे, त्यांनाच तो दिसतो.

न्यायालयात काय झाले, हेही आपल्या तरुणांना कळायला हवे. मुंबईच्या सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्यूरीपुढे खटला चालला आणि आठ विरुद्ध एक अशा मताने ज्यूरीने आरोपीला निर्दोष ठरवले. चित्रपट इथे संपतो. वास्तवात इथून खरी लढाई सुरू झाली. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना हा निवाडा पुराव्याशी इतका विसंगत वाटला की, तो न स्वीकारता त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. बाहेर रस्त्यावर जयजयकार चालू असताना आपल्याच ज्यूरीला 'मला हे मान्य नाही' असे सांगण्यास केवढे धैर्य लागले असेल! त्या न्यायाधीशावर कोणी चित्रपट काढला नाही. उच्च न्यायालयाने ११ मार्च १९६० रोजी नानावटींना खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेप सुनावली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. झटापटीत गोळी सुटली, हा बचाव न्यायालयाला पटला नाही. आहुजा नुकतेच स्नान करून आले होते आणि त्यांच्या कमरेचा टॉवेल मृतदेहावर जसाच्या तसा होता. एवढी झटापट झाली असती तर तो जागेवर राहिला असता का? गंभीर आणि अकस्मात प्रक्षोभाचा मुद्दाही टिकला नाही. दीड ते चार-वीस या जवळपास तीन तासांत माणसाला भानावर येण्यास पुरेसा अवकाश मिळाला होता, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. आज दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे, तरी कायद्याच्या विद्यार्थ्यांना प्रक्षोभाचा हा नियम याच निकालावरून शिकवला जातो.

यातली आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. नानावटींनी न्यायालयात 'मी माझ्या घराच्या अब्रूसाठी त्याला ठार केले' असे कधीच म्हटले नाही. गोळी झटापटीत, नकळत सुटली, असा त्यांचा बचाव होता. म्हणजे ज्या कृत्यासाठी आमच्या सोसायटीतले तरुण टाळ्या वाजवत होते, ते कृत्य आपण केल्याचे खुद्द त्या माणसाने नाकारले होते. मग त्या टाळ्या होत्या तरी कोणासाठी?

उच्च न्यायालयाने ज्या दिवशी शिक्षा सुनावली, त्याच दिवशी मुंबई राज्याचे राज्यपाल श्रीप्रकाश यांनी आदेश काढून ती स्थगित केली आणि आरोपीला तुरुंगाऐवजी नौदलाच्या ताब्यात ठेवले. सकाळी शिक्षा आणि त्याच दिवशी स्थगिती! गरीब कैद्याचा दयेचा अर्ज कोणत्या टेबलावर किती वर्षे पडून राहतो, हे ज्याने पाहिले आहे त्याने या वेगाला नमस्कार करावा. सप्टेंबर १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश अपील प्रलंबित असलेल्या काळापुरता अवैध ठरवला, तेव्हा कुठे राज्यपालांच्या अधिकाराची मर्यादा निश्चित झाली. पुढे १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. त्याच सुमारास परवान्याच्या प्रकरणात शिक्षा झालेल्या भाई प्रताप यांनाही माफी मिळाली. हे भाई प्रताप म्हणजे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी गांधीधाम वसवणारे. एका समाजाचा एक आणि दुसऱ्या समाजाचा एक असा तो हिशेब होता, असे तेव्हाही बोलले गेले आणि आजही बोलले जाते. आहुजांच्या बहिणीची संमती राम जेठमलानी यांच्या मध्यस्थीने मिळवण्यात आली होती. नानावटी कुटुंब १९६८ मध्ये कॅनडाला गेले. २००३ मध्ये कमांडर तिथेच निवर्तले. तुटलेला संसार त्या दोघांनी पुन्हा उभा केला आणि अखेरपर्यंत निभावला. ही त्यांची खासगी तपश्चर्या होती, आणि तिच्याबद्दल मला आदरच आहे.

राजसत्तेच्या जवळ असणाऱ्याला एक न्याय आणि इतरांना दुसरा, हे या मातीला मानवणारे नाही. नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो १७७३ साली. त्या खुनात राघोबादादांचा हात असल्याचे दिसताच रामशास्त्री प्रभुण्यांनी सत्ताधीशाच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्ताचा निर्णय सांगितला आणि पुणे सोडले. राघोबादादांच्या तलवारीने अटकेपर्यंत मजल मारली होती. त्यांच्या पराक्रमाविषयी वाद नव्हता. पण पराक्रमाची वजाबाकी खुनातून होत नाही, हे शास्त्रीबुवांना कळत होते. आपण आपल्या मुलांना रामशास्त्र्यांची गोष्ट शाळेत शिकवतो आणि रात्री वाहनतळात पडदा लावून तिच्या उलट गोष्टीला टाळ्या वाजवतो!

इथे आमच्या व्यवसायाचे पापही सांगितले पाहिजे, नाहीतर लेख अप्रामाणिक होईल. नानावटींना महानायक केले ते मुळात चित्रपटाने नव्हे, एका साप्ताहिकाने. रूसी करंजिया यांच्या 'ब्लिट्झ'ने हा खटला रस्त्यावर आणला आणि आठवड्यामागून आठवडे आरोपीची बाजू लढवली. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जात असे, अशी तेव्हाची हकिकत आहे. फेरीवाले 'आहुजा टॉवेल' आणि 'नानावटी रिव्हॉल्व्हर' नावाची खेळणी विकत होते. एक माणूस मेला होता आणि त्याच्या कमरेचा टॉवेल बाजारात विक्रीला होता. तीस वर्षे वृत्तपत्रांत काढलेल्या माझ्यासारख्याला हे वाचताना मान खाली घालावी लागते. आज वाहिन्यांवर जे चालते ते नवे आहे, असे म्हणणाऱ्यांनी १९५९ची पाने उलटावीत. या खटल्याने भारतातील ज्यूरी संपली असे जे सरसकट सांगितले जाते, तेही अर्धेच खरे. ज्यूरी काही भागांत त्यानंतरही चालू होती. ती फौजदारी खटल्यांतून कायमची गेली ती १९७३च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. परंतु ज्या पद्धतीत निवाडा गल्लीतल्या गोंगाटावर झुलू शकतो तिच्यावरचा विश्वास उडाला, यात या खटल्याचा वाटा मोठा होता.

चित्रपटांनी ही कथा पुनःपुन्हा उचलली. १९६३ मध्ये 'ये रास्ते हैं प्यार के' आला. सुनील दत्त, लीला नायडू आणि रहमान त्यात होते. कथेचा शेवट तेव्हाच बदलला गेला. आपल्या रंगभूमीवर मधुसूदन कालेलकरांनी 'अपराध मीच केला' हे नाटक याच प्रकरणावरून लिहिले. १९७३ मध्ये गुलजारांचा 'अचानक' आला. त्यात विनोद खन्नांचा लष्करी अधिकारी पत्नीलाही ठार मारतो आणि प्रियकरालाही. पण त्या चित्रपटाला निदान एक प्रश्न पडला होता. फाशीची शिक्षा झालेल्या माणसाला डॉक्टर जिवापाड मेहनत करून बरे करतात, ते कशासाठी? फासावर देण्यासाठी? प्रश्न पडणे हे कलेचे लक्षण आहे. कला शाखेत शिकताना आमचे प्राध्यापक सांगत की, शोकांतिकेतील नायक आपल्या कृत्याचा भार वाहतो. प्रेक्षक त्याच्यासाठी रडतो, पण त्याच्या जागी उभे राहण्याची इच्छा धरत नाही. 'रुस्तम'च्या नायकावर असा कसलाच भार नाही. तो कडक इस्त्रीच्या गणवेशात तुरुंगात जातो आणि कडक इस्त्रीच्याच गणवेशात बाहेर येतो.

याचे मूळ जुने आहे. १९९३ मध्ये 'बाजीगर' आला. त्यातला नायक सूडासाठी एका मुलीला प्रेमात पाडतो, लग्नाच्या नोंदणीसाठी म्हणून इमारतीच्या गच्चीवर नेतो आणि तिथून खाली ढकलून देतो. प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले, पुरस्कारही मिळाला. प्रेमातली फसवणूक हा त्याआधी खलनायकाचा धंदा होता. तिथून पुढे तो नायकाचा पराक्रम झाला. 'प्रेमासाठी' आणि 'सूडासाठी' हे दोन परवाने एकदा दिले की मग काहीही खपते. 'रुस्तम'ने त्यात तिसरा परवाना जोडला, आणि माझी मुख्य तक्रार त्याच्याविषयी आहे. तो परवाना म्हणजे 'देशासाठी'.

चित्रपटात मृत प्रियकराचे नाव विक्रम मखिजा असे आहे. तो केवळ परस्त्रीच्या मोहात पडलेला माणूस नाही, तर विमानवाहू नौकेच्या खरेदीत लाचखोरी करणारा देशद्रोही दाखवला आहे. नायक प्रामाणिक, म्हणून तो या टोळीच्या आड येतो, आणि त्याचा सूड म्हणून त्याच्या पत्नीला जाळ्यात ओढले जाते. म्हणजे गोळ्या झाडल्या गेल्या त्या देशाच्या शत्रूवर! खुनाचे हे राष्ट्रकार्यात झालेले रूपांतर पाहून पटकथाकाराच्या चतुराईला दाद द्यावी की कपाळाला हात लावावा? खऱ्या खटल्यात असला आरोप मृताविरुद्ध कुठेही नव्हता. नाव बदलले, पण सिंधी आडनाव मात्र कायम ठेवले. ज्याला मूळ घटना ठाऊक आहे त्याला मखिजा कोण हे लगेच कळते. मेलेला माणूस अब्रुनुकसानीचा दावा लावू शकत नाही. आहुजा सज्जन होते असे माझे म्हणणे नाही. मित्राच्या घरात शिरून त्याचा संसार मोडणे हे नीच कृत्यच आहे. पण नीच माणसाला देशद्रोही ठरवण्याचा अधिकार पटकथेला कोणी दिला? फाळणीत सर्वस्व गमावून या शहरात आलेल्या सिंधी समाजाने इथे शून्यातून संसार उभे केले. त्यांतील एका कुटुंबाच्या मृत माणसावर, अडीच तासांच्या करमणुकीसाठी, देश विकल्याचा कलंक लावायचा आणि त्याला देशभक्तीपर चित्रपट म्हणायचे?

हे साप्ताहिक हातात घेणाऱ्यांना माझे म्हणणे अधिक झोंबेल, याची मला कल्पना आहे. राष्ट्रप्रेमाची टिंगल करणारे चित्रपट आपण पुष्कळ पाहिले, त्यांच्याविरुद्ध लिहिले, निदर्शने केली. त्यामुळे कोणी पडद्यावर तिरंगा आणि गणवेश दाखवला की आपला ऊर भरून येतो, आणि आपण पुढचे काही विचारत नाही. हीच आपली कमकुवत बाजू आहे, आणि बाजाराने ती बरोबर हेरली आहे. चित्रपट आला तेव्हाच नौदलातील जाणकारांनी दाखवून दिले होते की, १९५९च्या या अधिकाऱ्याच्या छातीवर कारगिलच्या, म्हणजे १९९९च्या मोहिमेशी संबंधित पदकाची फीत आहे. चाळीस वर्षांनंतर होणाऱ्या युद्धाचे पदक! ज्यांना त्या पदकाचा अर्थ कळत नाही, त्यांना त्यासाठी सांडलेल्या रक्ताचा अर्थ कसा कळावा? २०१८ मध्ये हाच पोशाख प्राण्यांच्या सेवेसाठी निधी उभा करायचा म्हणून लिलावात काढला गेला. हेतू चांगला असेल. पण जाहिरातीत त्याला नौदल अधिकाऱ्याचा गणवेश म्हटले गेले, तेव्हा सैन्यातील अनेक आजी-माजी अधिकारी संतापले. तो चित्रपटाचा पोशाख होता. गणवेश शिंप्याच्या दुकानात तयार होत नाही.

काहीजण म्हणतील, हा नुसता चित्रपट आहे, त्यात एवढे काय? पण मग फलकावर 'देशभक्तीपर' असे कशाला लिहिले? करमणूक म्हणून पाहायचे तर करमणूक म्हणून पाहा. बंदी घाला, पडदे फाडा, असे मी मुळीच म्हणत नाही. कालच्या निर्बुद्ध बंद्यांनी कित्येक टाकाऊ चित्रपटांना आयती प्रसिद्धी मिळवून दिली आहे. दुसरे म्हणतील, फसवल्या गेलेल्या पतीने दुसरे काय करायला हवे होते? याचे उत्तर नानावटींच्याच आयुष्यात आहे. त्याच पत्नीने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून पतीची बाजू मांडली, त्याच पत्नीबरोबर त्यांनी पुढची पस्तीस-चाळीस वर्षे काढली. ज्या क्षमेने अखेर तो संसार वाचला, ती त्या तीन तासांत सुचली असती तर तीन मुलांचा बाप तुरुंगात गेला नसता आणि एक माणूस जिवंत राहिला असता. व्यभिचाराचे फौजदारी कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केले, तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी चिंता व्यक्त केली. चिंता रास्त आहे. परंतु सप्तपदीचे वचन दंड संहितेने कधीच पाळले गेले नव्हते, आणि रिव्हॉल्व्हरने तर नाहीच नाही.

माझ्या मागे बसलेला तो तरुण वाईट नाही. तो रक्तदान शिबिरात पुढे असतो, पावसाळ्यात खाडीचे पाणी रस्त्यावर आले की म्हाताऱ्यांना हात धरून नेतो. उद्या त्याचे लग्न होईल, कदाचित कधी संशयाची एखादी दुपार त्याच्याही वाट्याला येईल. त्या दुपारी त्याला कोणती गोष्ट आठवावी, हे आपण त्या पांढऱ्या पडद्यावर ठरवत असतो. वर्तमानपत्रात आठवड्याला एखादी तरी बातमी असते : संशयावरून पत्नीचा खून, संशयावरून मित्राचा खून. त्या बातम्यांतील कोणालाही राज्यपालांची माफी मिळत नाही.

नौदलाच्या गणवेशाची गोष्टच सांगायची असेल तर ती काकांना तोंडपाठ आहे. ९ डिसेंबर १९७१ची रात्र. दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने 'आयएनएस खुकरी' या युद्धनौकेवर पाणतीर सोडले. नौका काही मिनिटांत बुडू लागली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जेवढ्यांना वाचवता येईल तेवढ्यांना बाहेर काढले, आपले जीवरक्षक जाकीट दुसऱ्याला दिले आणि स्वतः नौकेबरोबर समुद्राच्या तळाशी गेले. त्यांच्यासह अठरा अधिकारी आणि एकशे शहात्तर नौसैनिक त्या रात्री गेले. कप्तान मुल्लांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. दीवला किनाऱ्यावर त्यांचे स्मारक आहे. आपल्यातले किती जण दीवला सहलीला जातात, आणि किती जण त्या स्मारकापाशी थांबतात?

पुढच्या वर्षी जुलैमध्ये सोसायटीची बैठक झाली तेव्हा मी चित्रपटाचा विषय काढला. थोडी वादावादी झाली. एक गृहस्थ म्हणाले, "तुम्हा पत्रकारांना प्रत्येक गोष्टीत खोट दिसते." मी ते मान्य केले. शेवटी असे ठरले की, चित्रपट मुलांचा दाखवायचा आणि त्याआधी काकांनी 'खुकरी'विषयी बोलायचे. काकांनी अर्धा तास मागितला होता, समितीने पंधरा मिनिटे दिली. पंधरा ऑगस्टच्या रात्री ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, छातीवर एकही पदक न लावता. हातात एक जुनी वही होती. ध्वनिक्षेपक सुरुवातीला चालेना, म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला आणि मोठ्या आवाजात बोलायला सुरुवात केली. तो महाविद्यालयीन तरुण पहिल्या रांगेत बसला होता. पंधरा मिनिटे झाली, वीस झाली. चित्रपट लावायचे कोणी नाव काढले नाही.